'ताक करणे' आणि 'लोणी काढणे' : एका घरगुती क्रियेचा शब्दांतून दिसणारा इतिहास

१

घरी लोणी तयार करण्याची क्रिया इतकी परिचयाची आहे की, तिलाही इतिहास असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजघराणी, तहनामे, जमाबंदी यांनी आपली कागदपत्रे मागे ठेविली. डेरा आणि रवी यांनी तसे काही ठेविले नाही. डेरे फुटले, रव्या चुलीत गेल्या, आणि ज्या स्त्रियांच्या हातांनी ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालविली त्यांनी तिच्याविषयी लिहून ठेवण्याचा प्रसंग क्वचितच आला. परंतु ज्या व्यवहाराने कागद मागे ठेविले नाहीत, त्याने शब्द मागे ठेविले असण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांची साक्ष काढावयाची आहे.

आरंभ एका साध्या निरीक्षणापासून करू. मराठी घरात दही घुसळावयास बसलेल्या स्त्रीस 'काय चालले आहे?' असे विचारले असता, 'ताक करते आहे' असे उत्तर येते. 'लोणी करते आहे' असे ती सहसा म्हणत नाही. लोणी 'करावयाचे' नसते. ते 'काढावयाचे' असते, आणि पुष्कळदा तर ते आपण होऊन 'येते'. 'अजून लोणी आले नाही', 'आज लोणी लवकर आले' ही नित्याची वाक्ये आहेत. क्रिया एकच, परंतु तिच्या दोन फलांपैकी जे बाजारात स्वस्त किंवा फुकट, त्यावरून भाषेने तिचे नाव ठेविले. आणि जे मोलाचे, त्याच्या वाट्यास 'काढणे' आणि 'येणे' ही क्रियापदे आली. हा केवळ बोलण्याचा योगायोग आहे, की त्यामागे घरगुती अर्थव्यवस्थेचे काही तत्त्व आहे, हा येथील प्रश्न होय.

२

प्रथम 'लोणी' हा शब्द पाहू. संस्कृत 'नवनीत' याचा शब्दशः अर्थ 'नुकतेच बाहेर आणलेले'. त्यापासून प्राकृतात 'णवणीअ', 'णोणीअ' अशी रूपे झाली. 'अव' याचा 'ओ' होण्याची ही प्रवृत्ती प्राकृत व्याकरणकारांनी नोंदविलेलीच आहे. 'लवण' याचे 'लोण' आणि 'नवमल्लिका' याचे 'णोमल्लिआ' ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. पुढे एकाच शब्दात दोन अनुनासिके जवळ आल्यामुळे आद्य वर्णाचा 'ल' झाला. 'निंब' शब्दाचे 'लिंब' झाले, त्याच जातीचे हे विषमीकरण आहे. हिंदीतील 'नौनी' आणि बंगालीतील 'ननी' ही याच शब्दाची भावंडे. कोकणीत मराठीप्रमाणेच 'लोणी' आहे.

परंतु सर्व भारतीय भाषांनी या पदार्थाकडे एकाच बाजूने पाहिलेले नाही. हिंदी 'मक्खन' आणि गुजराती 'माखण' हे शब्द 'म्रक्षण' म्हणजे 'माखणे' यापासून आलेले आहेत. तेथे नाव पडले ते उपयोगावरून. तमिळ 'वेण्णेय्' आणि कन्नड 'बेण्णे' यांत 'पांढरे' आणि 'स्निग्ध पदार्थ' अशा अर्थांचे दोन घटक आहेत. तेथे नाव पडले ते रंगावरून. मराठीच्या वाट्यास जो शब्द आला तो मात्र क्रियेवरून पडलेला आहे: आत होते ते बाहेर काढले, आणि नुकतेच काढले. 'लोणी काढणे' या प्रयोगात मूळ शब्दाचाच अर्थ क्रियापदाच्या रूपाने पुन्हा उच्चारला जातो. 'नवनीत' शब्दाचे ज्ञान नसलेली गृहिणीही हा प्रयोग बिनचूक करते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घुसळण्याच्या क्रियेचीही अशीच गोष्ट आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'मन्थ्' या धातूस 'घुसल' आणि 'विरोल' असे दोन आदेश सांगितले आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचा वंश हिंदीच्या 'बिलोना' या क्रियापदात दिसतो. पहिला मराठीने 'घुसळणे' म्हणून सांभाळला. संस्कृतातील मूळ शब्द मराठीत नाहीसा झाला नाही. तो वरच्या मजल्यावर राहावयास गेला. समुद्राचे मंथन होते, विचारांचे मंथन होते. दही मात्र घुसळले जाते. त्याचप्रमाणे 'लोणी' स्वयंपाकघरात राहिले आणि 'नवनीत' ग्रंथांच्या मुखपृष्ठावर गेले. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली मराठी कवितांचे वेचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या संग्रहास 'नवनीत' हेच नाव दिले.

'तूप' हा शब्द याहून निराळा. संस्कृतातील 'घृत' याचा वंश हिंदीत 'घी' म्हणून नांदतो. मराठीत मात्र 'तूप' आहे, आणि त्याचा जवळचा आप्त कन्नडमधील 'तुप्प' होय. प्राकृतातही 'तुप्प' आढळतो. त्याचे मूळ कोणत्या भाषाकुळात शोधावे हा वाद येथे बाजूस ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, दूध, दही, ताक आणि लोणी हे चार शब्द अनुक्रमे दुग्ध, दधि, तक्र आणि नवनीत यांवरून सरळ उतरलेले असता, पाचव्या पायरीवर मराठी आपल्या दक्षिणेकडील शेजाऱ्याशी हात मिळविते.

३

आता क्रियेकडे वळू. दुधातील स्निग्धांश अत्यंत सूक्ष्म गोलकांच्या रूपाने असतो. या गोलकांचा व्यास सरासरीने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढाच असतो, आणि प्रत्येकाभोवती एक पातळ आवरण असते. त्या आवरणामुळे ते एकमेकांस चिकटत नाहीत. घुसळताना आवरणे फाटतात, गोलक एकत्र येतात आणि त्यांचे कण तरंगू लागतात. दुधात पाणी बाहेर आणि स्निग्धांश आत अशी रचना असते. लोण्यात ती उलटते. हा पालट हळूहळू न दिसता एकदम दिसतो. म्हणूनच लोणी 'येते'. घुसळणारीचे श्रम अर्धा तास चाललेले असतात आणि फळ क्षणात दिसते. या अनुभवास अकर्मक क्रियापद शोभून दिसते.

हा क्षण साधण्यासाठी उष्णमानाचे ज्ञान लागते. स्निग्धांश फार मऊ झाला तर लोणी विरघळल्यासारखे होऊन हातास लागत नाही. फार कठीण झाला तर कण एकत्र येत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात गार पाणी आणि हिवाळ्यात कोमट पाणी घालण्याची रीत. उन्हाळ्यात पहाटेची वेळही याच कारणाने सोयीची. हे ज्ञान उष्णतामापकावाचून, केवळ हाताच्या स्पर्शाने एका पिढीकडून दुसरीकडे गेले.

साधनेही साधीच. डेऱ्यात दही, दह्यात रवी, रवी उभी राहावी म्हणून घुसळखांब, आणि रवीस वेढा दिलेली दोरी. दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढली की रवी एकदा या दिशेने व एकदा त्या दिशेने फिरते. समुद्रमंथनाच्या कथेत मंदराचल हा रवी आणि वासुकी ही दोरी. देवदानवांनी जे केले ते घुसळखांबाशी बसलेली एकटी स्त्री दोन हातांनी करीत होती. कथाकाराने उपमान घेतले ते घरातून घेतले. घराने ते कथेतून घेतले नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. युरोपात लोणी बहुधा दुधावरील मलई काढून तिच्यापासून करीत. आपल्याकडे दूध तापवून त्यास विरजण लावावयाचे आणि सबंध दही घुसळावयाचे, ही मुख्य रीत. उष्ण हवेत दूध टिकत नाही, दही त्या मानाने टिकते. एक-दोन दिवसांचे दूध साठविण्याचा तो मार्ग होता. संस्कृतातील 'हैयङ्गवीन' हा शब्द याच विलंबाची साक्ष देतो. 'काल काढलेल्या दुधापासून झालेले' असा त्याचा अर्थ असून पाणिनीने त्याच्या सिद्धीसाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गात दिलीप राजास भेटावयास गवळीवाड्यातील वृद्ध येतात, ते हेच घेऊन येतात.

सबंध दही घुसळण्याचा एक अटळ परिणाम असा की ताक फार निघते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः शेकडा सहा ते आठ असतो. दहा लिटर दूध विरजून घुसळले तर लोणी एक किलोहूनही कमी निघेल. उरलेले सारे ताक, आणि घुसळताना घातलेले पाणी त्यात आणखी मिळालेले. अमरकोशात पाण्याच्या प्रमाणावरून तक्र, उदश्वित् आणि मथित असे भेद केलेले आहेत, यावरून त्या पाण्याचे महत्त्व ध्यानात येईल. घुसळणाऱ्या स्त्रीच्या समोर जे भांडे असते ते शेवटी ताकाने भरलेले असते. 'ताक करणे' हे नाव प्रथमदर्शनी विचित्र वाटले, तरी परिमाणाच्या दृष्टीने ते पूर्णपणे यथार्थ आहे.

४

आता या दोन फलांच्या पुढील प्रवासाकडे पाहू. लोण्यात सुमारे सहावा भाग पाणी असतो व ताकाचाही अंश राहतो. उष्ण हवेत ते थोड्याच दिवसांत खवट होते. ते कढवून त्यातील पाणी घालविले आणि बेरी खाली बसली की जे तूप उरते ते महिनोन्‌महिने टिकते. म्हणून लोणी हे मुक्कामाचे ठिकाण नव्हते. वाटेवरचा टप्पा होता. भाकरीवर गोळा पडला, बाळाच्या मुखात बोट गेले, आणि बाकीचे कढईत गेले. भाषेनेही प्रतवारीचे शब्द लोण्याभोवती फारसे जमविले नाहीत. ते तुपाभोवती जमले. साजूक, लोणकढे, रवाळ, कणीदार ही सर्व तुपाची विशेषणे. 'लोणकढी थाप' या प्रयोगातही ताजेपणाचा जो भाव आहे तो लोणी नुकतेच कढवून केलेल्या तुपाचा आहे.

या टप्प्याची जाणीव आपल्या धार्मिक व वाङ्मयीन परंपरेतही आहे. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाची दीक्षा घेणाऱ्यास नवनीताने माखावे असे सांगून त्याचे कारण दिले आहे: घृताचे निरनिराळे प्रकार देव, मनुष्य व पितर यांचे, नवनीत मात्र गर्भाचे, आणि दीक्षित हा त्या वेळी गर्भच असतो. जे अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही त्याच्याशी लोण्याचे नाते जोडलेले आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ च्या आपल्या ग्रंथात गीतेस व्यासबुद्धीने शब्दब्रह्माचा सागर घुसळून काढलेले नवनीत म्हटले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते तेथे थांबत नाहीत. लागलीच पुढच्या ओवीत ते नवनीत ज्ञानाच्या अग्नीवर कढवितात आणि त्यास परिपाकाचा सुगंध येतो. स्वयंपाकघराची रीत ज्यास ठाऊक आहे त्याचीच उपमा अशी पूर्ण होते.

ताकाचा प्रवास याच्या उलट दिशेचा. ते साठविता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते आंबट होते. घरातील माणसे पिऊन उरले की ते देऊन टाकावे लागते. खेड्यात ज्याच्या घरी दुभते आहे त्याच्याकडून ज्याच्या घरी नाही त्याने ताक मागून न्यावे, आणि त्याबद्दल पैसा मागू नये, ही रूढी यातून झाली. या दानात औदार्य नव्हते असे नाही; परंतु त्याच्या मुळाशी पदार्थाचा नाशवंतपणा होता, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

आणि दान म्हटले की घेणाऱ्याचा कमीपणा आलाच. मराठीतील दोन म्हणी येथे बोलक्या ठरतात. 'ताकाला जाऊन भांडे लपविणे' या म्हणीत मागावयास आलेल्याचा संकोच आहे: गरज तर आहे, पण ती दिसू नये. 'ताकापुरते रामायण' या म्हणीत देणाऱ्याच्या बाजूची थट्टा आहे: समोरचा गोड बोलतो ते ताक मिळेपर्यंतच. दोन्ही म्हणींचा अर्थ आज विस्तारलेला आहे, परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच उंबरठा आहे. त्याच्या आत म्हैस आहे आणि बाहेर भांडे आहे. लोण्याविषयी अशी म्हण मला आढळली नाही. लोणी मागावयास कोणी जात नसे.

या चित्रास एक अपवाद दिलाच पाहिजे. एकनाथादी संतांच्या गौळणींतील गवळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजारास निघालेल्या असतात. अर्थात् विक्रीसाठी लोणी काढणारा वर्ग समाजात होता, आणि त्याचे चित्र श्रोत्यांस अपरिचित नव्हते. म्हणून प्राचीन काळी लोणी विकलेच जात नव्हते असे विधान चुकीचे होईल. म्हणावयाचे ते इतकेच की, कुणब्याच्या घरचे घुसळणे आणि गवळ्याच्या घरचे घुसळणे या दोन भिन्न अर्थव्यवस्था होत्या, आणि 'ताक करणे' हा शब्दप्रयोग पहिलीत अर्थपूर्ण होतो.

५

हा व्यवहार कसा पालटला हे थोडक्यात पाहिले पाहिजे. १८७८ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ द लाव्हाल यांनी दुधातील मलई सतत वेगळी करणारे यंत्र तयार केले. दूध विरजल्यावाचून आणि घुसळल्यावाचून त्यातील स्निग्धांश बाजूस काढणे आता कारखान्यास शक्य झाले. आपल्याकडे पोल्सन यांची डेअरी १९३० साली आणंद येथे निघाली, आणि तिचे पिवळे, खारट लोणी मुंबईच्या बाजारात रूढ झाले. १९४५ साली मुंबई सरकारच्या योजनेने आणंदचे दूध मुंबईस येऊ लागले. १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्यातील उत्पादकांचा सहकारी संघ नोंदविला गेला. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ चा. १९७० साली सुरू झालेला 'ऑपरेशन फ्लड' हा कार्यक्रम १९९६ पर्यंत चालला. या अर्धशतकात खेड्यातील दुधाची वाट बदलली. डेऱ्याकडे जाणारे दूध संकलन केंद्राकडे जाऊ लागले.

भाषेने हा पालट तत्काळ टिपला. शहरातील 'रतीब घालणे' हा प्रयोग जुनाच. आता खेड्यातील शेतकरी 'डेअरीला दूध घालतो'. लोण्याच्या गोळ्यावरून दुधाचा कस ठरविण्याचे दिवस गेले. केंद्रावर 'फॅट किती लागली' हे विचारले जाते व त्यावर भाव ठरतो. विकत घेतलेल्या पदार्थास 'लोणी' म्हणण्यास मराठी माणूस तयार झाला नाही. त्यासाठी त्याने 'बटर' घेतले, आणि इराण्याच्या उपाहारगृहातून फारसी वंशाचा 'मस्का' घेतला. लोण्याचा गोळा भाकरीवर बसतो. मस्का पावास फासला जातो. खुशामतीसाठीही 'मस्का मारणे' हाच प्रयोग रूढ झाला, कारण फासणे हा धर्म मस्क्याचा आहे.

या पालटाचे मूल्यमापन करताना दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला मोह गतकाळाच्या गौरवाचा. पहाटे उठून घुसळणे हे कष्टाचे काम होते आणि त्याची गणना कोणत्याही हिशेबात होत नव्हती. दुधाचा पैसा रोख येऊ लागल्याने अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांसही म्हैस पाळून उत्पन्नाचा मार्ग मिळाला. ज्याच्या घरी म्हैस आली त्यास भांडे लपवावे लागले नाही. दुसरा मोह प्रगतीच्या एकांगी हिशेबाचा. घराने दूध विकले तेव्हा हिशेबात लोण्याची व तुपाची किंमत भरून निघाली. ताकाची किंमत कोणीच मांडली नाही, कारण ते कधी विकलेच जात नव्हते. ज्या घरी म्हैस आली नाही त्याचे ताक मात्र गेले. गरिबाच्या भाकरीबरोबरचे हे आंबट, पौष्टिक पेय कोणत्याही कागदावर नोंद न होता उंबरठ्यावरून नाहीसे झाले. आकडेवारीत जे कधी आलेच नाही त्याची घटही आकडेवारीत दिसत नाही. येथे शब्दांची साक्ष उपयोगी पडते.

६

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. 'ताक करणे' आणि 'लोणी काढणे' हा भेद योगायोगाचा नाही. जे सर्वांच्या वाट्यास यावयाचे, घरच्यांच्या आणि दारच्यांच्याही, ते 'करावयाचे'. आणि जे घराच्या कोठीत पुढील रूप घेण्यासाठी जावयाचे, ते त्यातून 'काढून घ्यावयाचे'. क्रियेचे नाव वाटणीवरून पडले.

आज घरगुती लोणी नाहीसे झालेले नाही. त्याने जागा बदलली आहे. खेड्यातून दूध शहरास येते, आणि शहरातील गृहिणी त्या तापविलेल्या दुधाची साय आठवडाभर साठवून तिला विरजण लाविते व यंत्रात 'फिरविते'. घुसळणे गेले, फिरविणे आले. 'लोणी काढणे' हा प्रयोग मात्र तसाच आहे. बदल झाला आहे तो दुसऱ्या प्रयोगात. सायीच्या दह्यापासून निघालेले ताक थोडे असते, आणि त्यासाठी दाराशी भांडे घेऊन कोणी येत नाही. या घरात आता 'आज लोणी काढायचे आहे' असे वाक्य ऐकू येते. 'आज ताक करायचे आहे' हे वाक्य, त्याच दिवशी, त्याच क्रियेस उद्देशून, फारसे ऐकू येत नाही.

पदव्युत्तर अभ्यासकांनी आपापल्या तालुक्यात जाऊन वृद्ध स्त्रियांकडून या क्रियेचे शब्द टिपून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते. रवीच्या भागांची नावे, दोरीचे नाव, लोणी येण्यापूर्वी दह्याच्या आवाजात पडणारा फरक सांगणारे शब्द हे तर घ्यावेतच. पण त्यांबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: ताक कोणास देत होता? त्या उत्तरात जी नावे येतील ती त्या गावाच्या इतिहासाची साधने होत, आणि ती सांगणारी पिढी आता फार काळ आपल्यात असणार नाही.